"कॅन्सर हॉस्पिटल बघून पोरं पळतात" म्हणणाऱ्या मास्तरांना

लिनॅकवाला
परवा राजारामपुरीच्या मास्तरांनी इथं लिहिलं, की पॅरामेडिकलच्या पोरांना कॅन्सर हॉस्पिटल दाखवायला न्यायचं खूळ बंद करा. भेटीत दोन पोरी चक्कर येऊन पडल्या, एकीनं घरी जाऊन कोर्सच नको म्हणून सांगितलं. वर शेवटचं वाक्य: "डिप्लोमावाल्याला तिथं करिअर म्हणजे पेशंटची खुर्ची ढकलणं." खाली लाइकचा पाऊस. म्हटलं, आता गप्प बसायचं नाही.

मास्तर, मी अकरा वर्षं रेडिओथेरपीत, म्हणजे कॅन्सरला किरणं देणाऱ्या विभागात, लिनॅक नावाच्या मशीनवर टेक्निशियन आहे, कोल्हापुरातच. खुर्ची ढकलतो, खोटं कशाला बोलू. पण बाकीचं पण ऐका. तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट आला की जाळीची पांढरी शीट गरम पाण्यात टाकायची. मऊ झाली की दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याच्या तोंडावरनं खाली ताणायची आणि टेबलाला लॉक करायची. थोड्या वेळात गार होऊन नाकाडोळ्यांचा साचा बसतो. आतनं माणसाला धड बोलता येत नाही. मागच्या महिन्यात कागलकडचा एक पैलवान गडी होता. मास्क बसवला आणि त्याची मूठ थरथरायला लागली. "दादा, हात वर केलासा की मशीन बंद, मी कॅमेऱ्यात बघतोय," म्हटल्यावर बोटं एकेक करून सुटली. किरणं कुठं आणि किती द्यायची हा प्लॅन डॉक्टर आणि फिजिसिस्ट करतात. पण महिना-दीड महिना रोज त्या माणसाला त्याच जागी, मिलिमीटरच्या हिशोबात झोपवतं कोण?

आणि हे काय आमचं एकट्याचं नाही. गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढणारा लॅब टेक्निशियन असतो. काप फाटला की डॉक्टर स्लाइडमध्ये काय बघणार, कपाळ? ऑपरेशननंतर जबडा उघडत नाही म्हणून दातांत आइस्क्रीमच्या काड्या घालून रोज एक काडी वाढवायला लावणारी फिजिओ असते. हे दाखवलंत का पोरांना? का थेट किमोच्या वॉर्डात उभं केलंत, ते पण उपाशीपोटी?

मास्तर_राजारामपुरी
उपाशी नव्हती. मिसळ खाऊन गेली होती, कटासकट.

मास्क वाचला, काड्या वाचल्या. छान लिहिता. आता पगार लिहा. माझा एक विद्यार्थी, राधानगरीकडचा, असाच भारावून एका हॉस्पिटलात लागला. ११ महिन्यांचं कंत्राट, हातात ९ हजार, रूमभाडं आणि मेस जाऊन घरी पाठवायला काय उरणार? बारावा महिना घरी, तेराव्याला परत तेच कंत्राट. आता शिरोली एमआयडीसीत आहे, सुखात आहे. त्याचा बाप मला अजून बिंदू चौकात भेटला की नमस्कार करत नाही.

दुसरं, डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झालेला पोरगा तुमच्या लिनॅकवर बसू शकतो का? हो की नाही, एका शब्दात.

लिनॅकवाला
नाही. त्याला रेडिओथेरपीचं वेगळं शिक्षण लागतं, एईआरबीचे, म्हणजे किरणांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचे नियम कडक आहेत. म्हणूनच तर म्हणतोय, शेवटच्या वर्षाला सहल काढून काय उपयोग? मला स्वतःला हे क्षेत्र आहे हेच बीएस्सी झाल्यावर कळलं, ते पण मामाला किरणं द्यायला नेलं तेव्हा. ॲडमिशनच्या आधी कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

पगाराचं तुमचं खरं आहे. झालं समाधान?

शिरोळचा_ऊस
तुम्ही टेक्निशियन तयार करत बसा. आमच्याकडं पंचगंगेचं पाणी बघा आधी. वर शहराचं सांडपाणी, मध्ये इचलकरंजीचं कापड प्रोसेसचं पाणी, खाली आम्ही. उसावर फवारणी वेगळीच. आमच्या गल्लीत चार घरांत कॅन्सर. रोग तयार करायचा आणि मग त्याच्यात करिअर करायचं, भारी धंदा आहे.

तांबडा_पांढरा
भावा, त्या चार घरांत तंबाखू-सुपारीचा मावा कोण कोण खातंय तेपण लिही की.

शिरोळचा_ऊस
माझ्या आईनं आयुष्यात मावा खाल्ला नाही. जपून बोल.

तांबडा_पांढरा
माफ कर. पण नदी घाण आहे म्हणून मावा निर्दोष सुटत नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि टपरीवर काय मिळत नाही ते सांग.

तिची_आई
मी इथं फक्त वाचते, पण आज विचारतेच. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला हे किरणांचं शिक्षण घ्यायचंय. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "त्या मशीनपाशी राहिलेल्या पोरीला मूल होत नाही, स्थळ कोण आणणार?" घरात दोन दिवस अबोला आहे. खरं काय ते सांगा, उगाच धीर देऊ नका.

मास्तर_राजारामपुरी
ताई, हीच भीती पोरी वर्गात मला विचारतात. म्हणून लिहिलं होतं.

लिनॅकवाला
वहिनी, लिनॅक बंद केलं की किरणं बंद, बल्ब विझवल्यासारखी. चालू असताना आम्ही खोलीत नसतोच, जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर बसतो. दार उघडलं तर मशीन आपोआप थांबतं. छातीवर किरणं मोजणारा एक बॅज असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेली किरणं मोजायचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. माझा आकडा त्याच्या जवळपास पण कधी गेलेला नाही. दिवस गेले तर कळवायचं, मग मर्यादा आणखी कडक होते. मला दोन मुलं आहेत, दुसरं नको इतकं वांड आहे.

तांबडा_पांढरा
जाऊबाईंना सांगा, मोबाइल उशाला घेऊन झोपू नका म्हणावं.

वॉर्डातली_ताई
तुम्ही सगळे किरणांवर बोलताय, कारण ती दिसत नाहीत म्हणून भीती वाटते. खरा धोका कुठं आहे ते मी सांगते. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली नर्स, नऊ वर्षं झाली. पहिली नोकरी एका छोट्या हॉस्पिटलात. तिथं किमोची औषधं आम्ही वॉर्डातल्या टेबलावर मिसळायचो, वर पंखा चालू. औषधाची वाफ ओढून घेणारा हूड नाही, गाऊन नाही, साधे हातमोजे. माझी मैत्रीण तेव्हा तीन महिन्यांची पोटुशी होती. तिला बाजूला करा म्हटलं, तर इन्चार्ज म्हणाल्या, "इथं सगळ्यांनाच काम आहे." पुढं तिचं काय झालं ते मी लिहिणार नाही.

वहिनी, मुलीला घाला. पण नोकरी धरताना औषध कुठं मिसळतात हे तिनं विचारायचं. गरोदर बाईनं किमो मिसळायची नसते, आणि किमो झाल्यावर दोन दिवस पेशंटची लघवी-उलटी साफ करताना हातमोजे लागतात. हे कुठल्या सहलीत सांगतात?

तिची_आई
वाचून अंगावर काटा आला. पण थँक्यू. हे जाऊबाईंना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

मास्तर_राजारामपुरी
बघा लिनॅकवाले. तुमच्याच क्षेत्रातली बाई माझ्या बाजूनं बोलली.

वॉर्डातली_ताई
मी कुणाच्या बाजूनं नाही, मास्तर. माझ्या आईला किमोचं लाल औषध चालू होतं, दुसऱ्या हॉस्पिटलात. नवी पोरगी होती ड्युटीला. आई म्हणाली, "हात चरचरतोय." पोरगी म्हणाली, "औषध आहे, चरचरणारच." ते औषध शिरेबाहेर गेलं की मांस जळतं. शेजारच्या बेडची सिस्टर धावत आली, ड्रिप बंद केली, सुई तशीच ठेवून औषध मागं ओढून काढलं. आईच्या हातावर रुपयाएवढा डाग राहिला, हात राहिला. त्या दोघींत फरक एवढाच, की एकीला कुणीतरी शिकवलेलं होतं. तुम्ही पोरांना तिथं न्यायचंच नाही म्हणता. मग ती नवी पोरगी शिकणार कुठं? माझ्या आईच्या हातावर?

शिरोळचा_ऊस
ताई, हे पटलं. पाण्याचं मी सोडत नाही, पण हे पटलं.

लिनॅकवाला
मास्तर, "डिप्लोमावाल्याला काय येतंय" यावर एकच. टाटा कॅन्सर हॉस्पिटलनं १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सुरू केली. करणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या बायका, ४ आठवडे ट्रेनिंग दिलेल्या. साधन काय, तर पातळ ॲसेटिक आम्ल लावायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुमची पोरं तर बारावी सायन्स आहेत.

मास्तर_राजारामपुरी
मुंबईत टाटा पाठीशी होतं. गगनबावड्याच्या उपकेंद्रात कोण आहे? तिथली एएनएम, म्हणजे गावची सरकारी नर्स, लसीकरण, रजिस्टर, बाळंतपण आणि मीटिंग यातनं उरलेल्या वेळात डाग बघणार, आणि दिसला तर पेशंटला सांगणार, "महालक्ष्मी एक्स्प्रेस पकड, परळला टाटात जा." बाई जाते, फूटपाथवर झोपते, महिन्यानं कंटाळून परत येते. हे मी माझ्या चुलत बहिणीचं सांगतोय, ऐकीव नाही.

३१ टक्के मान्य. त्या बायकांना पगार वेळेवर मिळत होता का, तेवढंही शोधून ठेवा.

तांबडा_पांढरा
मास्तर हरले की पगारावर येतात.

मास्तर_राजारामपुरी
पगारावर यायला हरावं लागत नाही बाळा, महिनाअखेर पुरते.

बरं, लिनॅकवाले. पुढच्या महिन्यात पहिल्या वर्षाची पोरं आणतो. वॉर्डात नाही, तुमच्या मशीनकडं आणि लॅबमध्ये. या ताई येऊन अर्धा तास बोलणार असतील तरच. आणि पोरं पगार विचारणार, मीच शिकवून आणणार आहे.

लिनॅकवाला
विचारू देत. स्लिप खिशात ठेवतो, नववीतल्या प्रगतिपुस्तकासारखी घडी घालून. मास्कची एक जुनी शीट आहे, पोरांना दाखवायला कुणाच्या तरी तोंडावर बसवायला लागेल. तुमचा चष्मा काढून ठेवा.

वॉर्डातली_ताई
येते. शनिवार नको, माझी नाइट असते.