मदत हवी आहे: अंजिराची फळं सुपारीएवढी होऊन गळतात

नमस्कार मंडळी,

नाशिकला आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे पूना अंजिराचं एक झाड लावलंय. रोप छाट कलमाचं, पुरंदर भागातल्या एका रोपवाटिकेतून आणलेलं. झाड आता माझ्या डोक्यावर गेलंय, वाढ जोरदार आहे, पानं तर तळहाताहून मोठी. फळंही पानापानाच्या बेचक्यात धरतात. पण सुपारीएवढी झाली की तिथेच थांबतात. कित्येक आठवडे हिरवी, टणक, जशीच्या तशी. मग पिवळी पडून गळायला लागतात. पिकलेलं फळ अजून एकही मिळालेलं नाही.

माती काळी, चिकण. रोज संध्याकाळी पाइपने पाणी देते. शेणखत घालते, आणि शेजारचे काका सांगतात म्हणून अधूनमधून युरियाही. छाटणी कधी केलेली नाही. पावसाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला तपकिरी पूड दिसते, मग पानं सुकून ढीगच्या ढीग खाली पडतात. आत्ताही तेच चाललंय.

काकांचं म्हणणं असं की अंजिराला एक खास माशी लागते, ती आपल्याकडे नाही, त्यामुळे परागीभवन होत नाही आणि फळं गळतात. हे खरं आहे का? तसं असेल तर हे झाड ठेवून उपयोग काय? माझ्या आईला ताजं अंजीर जीव की प्राण, तिच्यासाठीच लावलंय. त्यामुळे काढून टाका असा सल्ला नको, काय करता येईल ते सांगा.

प्रतिसाद: पुरंदरवाला

ताई, झाड काढायचं नावही घेऊ नका. आमच्याकडे दिवे, सोनोरी, गुऱ्होळी या पट्ट्यात सगळीकडे हेच वाण आहे आणि कुणी माशी सोडत नाही. पूना अंजीर परागीभवनाशिवाय फळ धरतं आणि पिकवतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच फळाला.

फळ थांबतं त्याला घाबरू नका, अंजिराची वाढच तशी असते. सुरुवातीला भराभर वाढतं, मग बरेच दिवस बाहेरून काहीच हालचाल दिसत नाही, आणि शेवटच्या थोड्या दिवसांत एकदम फुगून रंग धरतं. गळ होते ती या मधल्या काळात. झाडाला तेव्हा बसलेला कुठलाही धक्का फळावर निघतो, आणि तुमच्याकडे मला असे तीन धक्के दिसतात.

पहिला पाण्याचा. चिकण काळ्या मातीत रोज पाणी म्हणजे मुळं कायम ओली. अंजिराला निचरा लागतो. बोटभर खोल उकरून बघा, माती ओली असेल तर पाणी देऊच नका. द्याल तेव्हा भरपूर द्या, पण खोडापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली गोल आळं करून. आळ्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा, वर दुसऱ्या झाडांचा पालापाचोळा पसरा.

दुसरा युरिया. त्याने पाला माजतो आणि फळाकडे जायचं ते पानांकडे जातं. बंद करा.

तिसरा आणि सगळ्यात मोठा म्हणजे ती तपकिरी पूड. हा तांबेरा, पानांवरचा बुरशीचा रोग. पानं गेली की फळाला पोसणार कोण? पडलेलं प्रत्येक पान उचलून जाळा किंवा लांब नेऊन पुरा, आळ्यात कुजू देऊ नका. बुरशी तिथूनच पुन्हा वर येते. आणि १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, फवारा. १० लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र ओतायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं. पानांच्या खालून फवारा, तांबेरा तिथेच असतो.

आता बहाराचं. पावसाळ्यात फळं धरू देऊ नका, तांबेरा आणि ढगाळ हवा दोन्ही मुळावर येतात. मीठा बहार धरा, म्हणजे पावसाळ्यानंतर छाटून उन्हाळ्याच्या तोंडावर येणारं पीक. पाऊस उघडला की पाणी तोडून ताण द्या. काळ्या जमिनीत ताण बसायला जरा जास्त दिवस लागतात, धीर धरा. मग सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात छाटणी. वाळक्या, आत घुसणाऱ्या, एकमेकींवर चढलेल्या फांद्या काढा, बाकीच्यांचे शेंडे खुडा. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून ही छाटणी हवीच. छाटल्यावर शेणखत, थोडी राख आणि पाणी. फेब्रुवारी-मार्चपासून फळ हाती यायला लागेल.

प्रतिसाद: फ्रेस्नोकर

काकांची माशी अगदीच हवेतली नाही, म्हणून लिहिते. मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला राहते, इथे अंजिराच्या मोठ्या बागा आहेत. स्मर्ना जातीच्या अंजिराला ती चिमुकली गांधीलमाशी लागतेच, नाहीतर सगळी फळं कच्चीच गळतात. इथे तुर्कस्तानातून झाडं आणली, ती वाढली, पण फळ टिकेना. शेवटी १८९९ मध्ये माशी आणून रुळवली तेव्हा पीक हाती लागलं. सुकवलेल्या अंजिरात ही जात बरीच असते, त्यामुळे वाचनात माशीचा उल्लेख हमखास येतो. तुमचं पूना अंजीर त्यातलं नाही.

धागाकर्ती

किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! पानं उद्याच गोळा करते. दोन शंका आहेत. बोर्डो फवारल्यावर ती फळं आईला द्यायची का? आणि खोडाला एक भोक दिसलंय, त्यातून लाकडाचा भुसा पडतो. तो कशाचा?

प्रतिसाद: पुरंदरवाला

फवारणी आत्ता आणि छाटणीनंतर. फळ फुगायला लागलं की मोरचुदाला हात लावायचा नाही. फवारताना हातमोजे आणि नाकावर रुमाल हवाच.

भुसा पडतोय म्हणजे खोडकिडा आत आहे, याला उशीर करू नका. वाकडी केलेली तार भोकात घालून अळी ओढून काढा किंवा आतच चिरडा. मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत ढकलून तोंड ओल्या मातीने लिंपा. आठवड्याने पुन्हा बघा, ताजा भुसा दिसला तर परत तेच करायचं.

एक आत्ताच सांगून ठेवतो. अंजीर तोडल्यावर पिकत नाही, केळ्यासारखं पेंढ्यात घालून चालत नाही. फळ मऊ होऊन देठापाशी मान टाकेल तेव्हाच, सकाळी लवकर, देठासकट तोडा. चीक हाताला लागला तर खाज सुटते, तेव्हा लगेच धुवा. पिकत आलं की पाणी वाढवू नका, फळं तडकतात. आणि बुलबुल तुमच्या आधी उठतात, म्हणून फळं रंगात यायच्या आत झाडावर जाळी टाका, नाहीतर एकेका फळाला मलमलीची पिशवी बांधा.