अकिलीसचा अहंकार म्हणायचं, की मान?

प्रश्न : इलियडवर, म्हणजे होमरच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यावर, टिपण लिहिताना त्यातल्या ग्रीक वीराबद्दल 'अकिलीसचा अहंकार' असं लिहिलं आणि तिथेच अडलो. मूळ ग्रीकमध्ये कोणते शब्द आहेत? त्यांना मराठीत काय म्हणावं?

उत्तर : अहंकार नको. काव्याचा पहिलाच शब्द 'मेनिस' (तिथे 'मेनिन' या रूपात) आहे. साध्या रागाला होमरकडे 'खोलोस' आहे. 'मेनिस' तो बहुतेक देवांसाठी राखून ठेवतो, आणि माणसांपैकी मुख्यतः अकिलीससाठी. आपण शेजाऱ्याचा राग म्हणतो, पण देवीचा कोप. इथे 'कोप' अगदी चपखल बसतो.

हा कोप होतो तो 'तिमे'मुळे. तिमेला 'अभिमान' म्हटलं की तो मनातला भाव होतो. तिमे बाहेर असते, चारचौघांच्या डोळ्यांसमोर. तिचं दिसणारं रूप म्हणजे 'गेरास', सैन्याने दिलेला मानाचा वाटा. ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगामेम्नॉनला वाट्याला आलेली बंदिवान क्रिसेइस तिच्या बापाकडे परत पाठवावी लागते, म्हणून तो अकिलीसच्या वाट्याची ब्रिसेइस उचलून नेतो. त्या बाईला काय वाटलं असेल हे या हिशेबात कुठेच नाही, हे वाचताना टोचतं. मला 'मान' हा शब्द योग्य वाटतो: मानाचा नारळ, मानकरी, मानपान यांतला मान.

शंका : मानपान फार हलका नाही वाटत? लग्नातले रुसवेफुगवे आठवतात.

उत्तर : आठवू देत. नवव्या सर्गात अ‍ॅगामेम्नॉन केवढी भरपाई देऊ करतो पाहा: दहा टॅलंट (वजनाचं जुनं माप) सोनं, बारा घोडे, सात नगरं, शिवाय ब्रिसेइस परत. अकिलीस नाही म्हणतो. भरल्या मांडवात पाटावरून उठवलेल्या माणसाच्या घरी मागाहून आहेर पाठवला तर तो घेईल का? आणि अ‍ॅगामेम्नॉन स्वतः आलेलाही नाही, दूत आलेत. हे ज्याला कळतं त्याला तिमे कळते.

त्याच सर्गात 'क्लेओस आफ्थितोन' येतं. अकिलीस म्हणतो: इथे लढत राहिलो तर घरी परतणं नाही, पण न सरणारी कीर्ती मिळेल. क्लेओस म्हणजे कानांवर येणारी कीर्ती. ऋग्वेदातला 'श्रवस्' त्याच धातूचा, आपल्या 'श्रवण'चा सख्खा. 'आफ्थितोन' म्हणजे 'अक्षित', ज्याला क्षय नाही. ऋग्वेदात 'अक्षिति श्रवः' अशी जोडी आहे. हे साम्य भाषाशास्त्रज्ञ आडालबर्ट कून यांनी 1853 साली दाखवलं. म्हणून 'अक्षय कीर्ती' म्हणताना आपण भाषांतर करत नाही, जुनं नातं सांगतो.

प्रश्न : आणि करुणा?

उत्तर : तिथे दोन शब्द जोडीने येतात, 'आइदोस' आणि 'एलेओस'. चोविसाव्या सर्गात अपोलो देव तक्रार करतो की अकिलीसने दोन्ही सोडली आहेत. मग ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, अकिलीसने मारलेल्या हेक्टर या आपल्या मुलाचं प्रेत मागायला रात्री त्याच्या तळावर येतो, आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो आणि या दोन्हींचीच याचना करतो. मी ती ओळ अशी लावेन: "देवांची भीड बाळग, अकिलीस, आणि तुझ्या बापाला आठवून माझी कणव येऊ दे." आइदोसला 'लाज' अपुरी पडते, 'भीड' म्हणजे समोरच्याला ओळखून आपला हात आवरणं. एलेओसला 'दया' चालेल, पण ती वरून खाली येते, कीव तर फारच वरून. कणव आतून येते. इथे दोघंही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि मेलेला मित्र पॅट्रोक्लस याच्यासाठी.

म्हणून अकिलीस मवाळ झाला असं लिहू नका. प्रायमने प्रेताची घाई करताच तो पुन्हा भडकतो. पण हेक्टरला प्रायमच्या नजरेआड धुवायला सांगतो, कारण पोराला तसं पाहून म्हाताऱ्याचा संताप उसळला, तर आपला हात आवरणार नाही हे तो जाणतो. मग प्रेत स्वतः उचलून तिरडीवर ठेवतो आणि विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत?

प्रश्नकर्ता : टिपणात 'अहंकार' खोडून 'मान' केलं. एलेओसपाशी 'कणव'.