प्रति: खडकाळ प्लॉट, पायाचा खर्च किती?

पुण्याजवळच्या पिरंगुटच्या प्लॉटवर कातळ लागलाय म्हणून कॉन्ट्रॅक्टरने पायाचा खर्च दुप्पट सांगितला, असं तुम्ही म्हणता. मला हे पटत नाही. पुण्याचा बेसाल्ट (काळा कातळ) म्हणजे भार पेलायला उत्तम जमीन. खरा खर्च काळ्या मातीत होतो.

हिशोब असा करा. बारा फुटिंग (खांबांखालचे पाये), प्रत्येकी ५ बाय ५ फूट, खोली ४ फूट, म्हणजे १२ ब्रास खोदाई (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). अखंड कातळ दीड फुटावर असेल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर तिथेच थांबायला हो म्हणाला, तर साडेचार ब्रासवर काम भागतं. उगाच चार फूट कशाला फोडायचं? मात्र पाण्याची टाकी जमिनीखाली घेतलीत तर ८ बाय ८ बाय ८ चा एकच खड्डा पाच ब्रासच्या वर जातो. सेप्टिक टँकचंही तेच. कातळ फोडणाऱ्या ब्रेकर मशीनचं मीटर खरं तिथे पळतं. टाकी जमिनीवर घेता येते का बघा.

आधी चार कोपऱ्यांत आणि मध्ये ट्रायल पिट (चाचणीचे खड्डे) घ्या. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला भरावाची माती निघाली तर घर असमान खचू शकतं, तेव्हा डिझाइन बदलावं लागतं. कोटेशनमध्ये माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. 'खोदाई लमसम' (सगळ्याची एकच ठोक रक्कम) असेल तर सही करू नका. मोजमाप खड्ड्याचं घ्यायचं, ट्रकचं नाही, कारण फोडलेला दगड फुगून दीडपट दिसतो. आणि तो दगड फुकट देऊ नका हो, सोलिंगला (फरशीखालच्या दगडांच्या थराला) तोच लागणार आहे.