बी-५०३ आणि पाण्याची टाकी

(नेरुळ, सोसायटीचा ग्रुप, रविवार)

कुलकर्णीकाका ए-३०२, ७:१२
सुप्रभात. कमिटीला नम्र विनंती. बी-५०३ मधल्या दोघांचं लग्न झालेलं नाही, हे आता वॉचमनलाही ठाऊक आहे. ॲग्रीमेंटवर आडनावंही वेगळी. मागच्या भाडेकरूंच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. भाड्याने फक्त फॅमिलीलाच द्यायचं, हा ठराव कधी करणार?

पेडणेकर सी-२०१, ७:२०
पाण्याची टाकी कधी धुणार? तिसऱ्यांदा विचारतेय.

अनघा बी-६०१, ७:४१
काका, माझंही आडनाव नवऱ्यापेक्षा वेगळं आहे. मला नोटीस कधी देताय? 😀

कुलकर्णीकाका
तुझं वेगळं गं. तुझ्या लग्नात जेवलोय मी.

शिंदे सेक्रेटरी
नमस्कार. लीव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर झालाय, पोलिसांकडे माहिती दिलीय. यापुढे कमिटीला काही बघता येत नाही.

सुहास ए-७०२
उत्तराखंडात समान नागरी कायद्यात लिव्ह-इनची नोंदणीच सक्तीची केली, जानेवारी २०२५ पासून लागू आहे. आपल्याकडेही करा म्हणजे ही कटकट संपेल.

कुलकर्णीकाका
अजिबात नको! सरकारला घरात घेऊ नका. माझे वडील राजाजींच्या स्वतंत्र पक्षाचे. १९५९ साली पक्ष निघाला तो याचसाठी, कारखान्यापासून शेतापर्यंत प्रत्येक गोष्टीला सरकारचं परमिट लागायला लागलं होतं. सरकारने सीमा सांभाळावी, न्याय द्यावा, रस्ते करावेत. चालीरीती माणसं आपापसात सांभाळतात. शेजाऱ्यांचे डोळे उघडे असले की पोलीस बोलवावे लागत नाहीत. मी कमिटीला सांगतोय ते त्यासाठीच.

म्हात्रे सी-१०४
शेजाऱ्याचे डोळे उघडे आहेत ना? मग पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये सुहासची दुसरी गाडी चार महिने उभी आहे, ती कुणाला दिसत नाही?

सुहास
इथे विषय काय चाललाय म्हात्रे?

म्हात्रे
सरकारचा. आणि तो आम्हाला विचारा. १९७० ला नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी गेल्या. सरकारने किती हात घालावा, हे माझ्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या मागे गावंच्या गावं रस्त्यावर उतरली, गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले. आणि काका, आपली बिल्डिंग उभी आहे ती जमीन अजून सिडकोचीच, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. म्हणजे बी-५०३ वाले भाडेकरू, तुम्हीपण भाडेकरू. 😂

पेडणेकर
टाकी कधी धुणार?

अनघा
काका, एक शंका. कमिटी म्हणजे शेजारी कसे? १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने जन्माला घातलेलं धाकटं सरकारच ना ते? उपनिबंधकांचं पत्र आलं की शिंदेकाकांना घाम फुटतो.

शिंदे सेक्रेटरी
घाम फुटत नाही. उत्तर द्यावं लागतं. 🙏

कुलकर्णीकाका
बाळ, वाद घालायचा तर लोकमान्यांचं वाच. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला तो सुधारणा नको म्हणून नव्हे. परक्या सरकारने कायद्याच्या दंडुक्याने ती करू नये, लोकांनी आपल्या आपण करावी, असं म्हणणं होतं.

अनघा
वाचलंय. आगरकरही वाचलेत, ते कायद्याच्या बाजूने होते. तो वाद पेटला कशामुळे? कलकत्त्याची फुलमणी, दहा-अकरा वर्षांची पोर, नवऱ्यामुळे जिवानिशी गेली. कायद्याने वय किती वाढवलं, तर १० चं १२. लोक आपल्या आपण सुधारेपर्यंत किती फुलमणी जाणार होत्या?

कुलकर्णीकाका
फुलमणी लेकरू होती गं! ही दोघं चांगली तिशीला आलेली. कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नाही. तुझं उदाहरण तुझ्यावरच उलटलं.

अनघा
तेच म्हणतेय मी काका. कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नाही. मग सरकार कशाला आणि कमिटी तरी कशाला?

(बराच वेळ कुणी काही लिहीत नाही. भाडेकरूंना ग्रुपवर घेत नाहीत ते एका अर्थी बरंच.)

म्हात्रे, ९:०५
👏 अनघाताई

सुहास
एकांगी होतंय हे. संस्कार वगैरे काही आहेत की नाही? उद्या आपली मुलं काय शिकणार?

म्हात्रे
पार्किंगचे नियम शिकतील.

शिंदे सेक्रेटरी
कृपया वैयक्तिक टीका नको. आता विषय निघालाच आहे म्हणून, काका रागावू नका. भाड्याच्या फ्लॅटचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वाढवायचे ठरत होते, तेव्हा सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, हा २००१ चा शासन आदेश भर सभेत आपणच वाचून दाखवला होता. सी-४०२ च्या वेळी.

म्हात्रे
सी-४०२ पण काकांचाच? 😮

कुलकर्णीकाका
तो प्रश्न मालमत्तेच्या हक्काचा होता. त्याचा इथे काही संबंध नाही. वडिलांचा पक्ष मालमत्तेच्या हक्कासाठीच लढला.

अनघा
पण वाचलात तो सरकारचाच आदेश.

कुलकर्णीकाका
ठीक आहे. वयस्क माणसाची चेष्टा करायची तर करा. मी या विषयावर आता बोलणार नाही.

पेडणेकर
टाकी???

शिंदे सेक्रेटरी, ९:४०
ताई, सॉरी, राहून गेलं. बुधवारी १० ते ४ टाकी धुणार, पाणी बंद राहील. आदल्या रात्री भरून ठेवावं.

पेडणेकर
बुधवारी मी गावी आहे.

कुलकर्णीकाका, ९:४१
बुधवार कुणी ठरवला? सभासदांना न विचारता?