मदत हवी आहे: नेबरहुड वॉचच्या नियमात पिस्तुलाचं काय लिहू?

खारूताई: शनिवारी एचओएच्या (वसाहतीच्या घरमालक संघाच्या) मीटिंगमध्ये वॉचचे, म्हणजे रहिवाशांच्या गस्तीचे, नियम मांडायचेत. दोघं हटून बसलेत, गस्तीला पिस्तूल नेणारच. म्हणे ट्रेव्हॉन मार्टिन या मुलाला गोळी घालणारा वॉचवाला झिमरमन 'स्टँड युवर ग्राउंड'वरच (स्वसंरक्षणात माघार घ्यायची गरज नाही, हा कायदा) सुटला. खरंय का? दोन ओळीत सांगा प्लीज.

झाडाखाली: राज्य कुठलं? गस्त पायी की गाडीतून? एचओएच्या नावाने की आपली आपली?

बाराखडी: दोन ओळीत बसत नाही. त्याच्या वकिलांनी खटल्याआधीची इम्युनिटीची (या कायद्याखाली खटलाच चालू नये म्हणून) सुनावणी मागितलीच नाही. बचाव साधा स्वसंरक्षणाचा होता: आपण खाली, ट्रेव्हॉन मार्टिन वर, पळायला वाव नाही. १३ जुलै २०१३ला सहा जणींच्या ज्युरीने निर्दोष ठरवलं.

चष्मिष: अर्धंच सांगताय. ज्युरीला दिलेल्या सूचनांत 'माघार घेण्याचं बंधन नाही' हे होतंच. २००५च्या कायद्यातूनच आलंय ते.

बाराखडी: हे मान्य.

टीआरपी: मीडियाचं कोणी बोलणार का? फोनवर पोलिसांनी झिमरमनला विचारलं, गोरा, काळा की हिस्पॅनिक? तेव्हा तो म्हणाला, काळा दिसतोय. एनबीसी वाहिनीने मधला प्रश्नच कापला.

चष्मिष: कापला, चूकच. पण म्हणून तो मार्टिनच्या मागावर गेला नव्हता असं होत नाही. आणि २६ फेब्रुवारी २०१२ची घटना, अटक ११ एप्रिलला. ओरड झाली नसती तर तीही झाली असती का?

सह्याद्रीपुत्र: भारतात आता स्वसंरक्षणाचं हे न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये येतं.

झाडाखाली: कोणी विचारलं हो?

खारूताई: सांगायचं राहिलं, फ्लोरिडा. पायी, रात्री ९ ते ११. एचओएच्या नावाने. त्या दोघांकडे परवाना आहे.

झाडाखाली: हे आधी सांगायचं ना! परवान्याचा मुद्दाच नाही, १ जुलै २०२३पासून तिथे लपवून बाळगायला तो लागत नाही. बंदी म्हणून लिहू नका, ड्यूटीची अट म्हणून लिहा: 'गस्तीवर असताना शस्त्र नाही, पाठलाग नाही, अडवणं नाही.' पटत नसेल त्याने गस्तीला येऊ नये.

फोन करताना क्रम ठेवा: आधी जागा, मग तो काय करतोय, मग कपडे, गाडीचा नंबर, कुठल्या दिशेने गेला. रंग वर्णनात येतो, संशयाचं कारण म्हणून नाही. झिमरमनचं घोडं जागेवरच अडलं. वसाहतीत रस्ते तीनच, तरी नाव आठवेना, आणि पाटी बघायला खाली उतरलो असं त्याने पोलिसांना सांगितलं. म्हणून मागच्या बोळातल्या घरनंबरांसकट नकाशा प्रत्येकाच्या खिशात हवा.

बाराखडी: +१. फ्लोरिडाचं कलम ७७६.०४१ही वाचून दाखवा: कुरापत आपणच काढली असं ठरलं, तर सुटायचे सगळे मार्ग संपल्याशिवाय जीवघेणं बळ वापरता येत नाही.

सह्याद्रीपुत्र: पण नागरिकाला अटक करायचा हक्क असतोच की.

चष्मिष: जॉर्जियात आर्बरी नावाच्या तरुणाला ठार मारणाऱ्यांनी हेच सांगितलं होतं. तिघांना जन्मठेप झाली, आणि १८६३पासूनचं ते कलम २०२१मध्ये रद्द झालं.

झाडाखाली: विमा कंपनीकडून लेखी घ्या, गस्त पॉलिसीत बसते का. झिमरमनच्या वसाहतीच्या एचओएने मार्टिनच्या आईवडिलांशी तडजोड केली ती निकालाच्याही आधी.

खारूताई: विम्याचं डोक्यातच नव्हतं. अट घालते. पण पेपर स्प्रे चालेल ना?

टीआरपी: झालं, आता त्यावर शंभर प्रतिसाद.