स्कुआला नुसता व्हिलन ठरवू नका

कोणीतरी लिहिलंय की स्कुआ हा अंटार्क्टिकातला समुद्री पक्षी म्हणजे पेंग्विनची पिल्लं पळवणारा क्रूर चोर, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पिल्लं आणि अंडी तो खातो हे खरंच आहे, पण दक्षिण ध्रुवीय स्कुआ (स्कुआची एक जात) मासेसुद्धा भरपूर खातो आणि त्याला स्वतःचीही पिल्लं वाढवायची असतात ना! दोन अंडी घालतात आणि खाणं कमी पडलं की बऱ्याचदा मोठं पिल्लू धाकट्याला मारतं किंवा घरट्याबाहेर हाकलतं, म्हणजे एकच जगतं. अंटार्क्टिकातलं आपलं भारताचं संशोधन केंद्र मैत्री जिथे आहे त्या शिरमाखर ओएसिस या बर्फ नसलेल्या भागातही हे घरटी करतात, घरट्याजवळ गेलं की सरळ डोक्यावर झेप घेतात.

आणि डोकं तर काय अफाट! अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर कोरियन संशोधकांनी तपकिरी स्कुआंवर (ही दुसरी जात) प्रयोग केला, 2016 मध्ये छापून आला. घरटं तपासणारा माणूस आणि तिथे कधीच न गेलेला माणूस दोघं एकत्र चालत गेले आणि मग वेगळे झाले, तर पक्षी बरोबर घरटं तपासणाऱ्याच्याच मागे लागले. अंटार्क्टिकात माणूस येऊन फार काळ झालेला नाही, तरी हे चेहरे की चाल की काय ते ओळखतात!

मला खरी काळजी वाटते ती बर्ड फ्लूची. ऑक्टोबर 2023 मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाजवळच्या बर्ड आयलंडवर तपकिरी स्कुआंमध्येच तो सापडला, नंतर अंटार्क्टिकातही मेलेले स्कुआ मिळाले. मेलेलं खाणारा पक्षी, त्यामुळे लागण त्यालाच आधी होते.