एमजीबीचं स्टीअरिंग रॅक, काय काय बदलू?

प्रश्न: मंडळी, बाबांची १९६७ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, कोथरूडला असते. रॅकचे (स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारी दातेरी दांडी) दोन्ही रबरी बूट, म्हणजे टोकांवरची कव्हरं, फाटलेत, ऑइल गळतंय, खड्ड्यात चाक गेलं की स्टीअरिंगमध्ये खडखड होते. अख्खं रॅकच बदलू का?

उत्तर: लगेच नको! गाडी नीट स्टँडवर घ्या, चाक डावं-उजवं हलवून बघा, खेळ (ढिलेपणा) बऱ्याचदा टाय रॉड एंडमध्येच, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या सांध्यातच असतो. जुना एंड किती आटे फिरून निघाला ते मोजा, नवा तेवढाच बसवा.

दुसरं उत्तर: आणि बुटात ग्रीस ठासू नका हो, ह्या रॅकला ईपी ९० गिअर ऑइलच लागतं, ग्रीस कोपऱ्यात साचतं नि दात कोरडे पडतात, माझं रॅक असंच गेलं, अजून जीव हळहळतो. नंतर चाकांची अलाइनमेंट कराच, टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली) १.५ ते २.४ मिमी.

प्रश्नकर्ता: थँक्यू, रविवारी उघडतो.